करदात्याच्या वतीने : एन्रोल्ड एजंट परीक्षेची प्रस्तावना

अमेरिकेत पैसे घेऊन दुसऱ्याचे प्राप्तिकर विवरणपत्र भरून देण्यासाठी केंद्र सरकारचा कोणताही परवाना लागत नाही. आयआरएस, म्हणजे तिथले महसूल खाते, तयार करणाऱ्याला एक ओळखक्रमांक देते. त्याला पीटीआयएन म्हणतात. तो दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो, पण त्यासाठी परीक्षा नाही, पदवीची अट नाही. जानेवारीत दुकान थाटून एप्रिलच्या मध्यावर ते गुंडाळणारे लोक त्या देशात गल्लोगल्ली आढळतात आणि त्यांतल्या बहुतेकांनी कधी कराची परीक्षा दिलेली नसते. मग एन्रोल्ड एजंट ही परीक्षा कशासाठी, हा प्रश्न अभ्यासाच्या पहिल्याच दिवशी पडायला हवा. फॉर्म भरता येतो की नाही, एवढेच तपासण्यासाठी ती घेतली जात नाही. भरलेल्या फॉर्मवर खात्याने बोट ठेवले, तर करदात्याच्या जागी उभे राहून बोलण्याचा अधिकार या परीक्षेमुळे मिळतो. अभ्यासक्रमातली बरीचशी कोडी ही गोष्ट ध्यानात घेतली की सुटतात, आणि बाजारातल्या जाडजूड पुस्तकांतून नेमकी तीच निसटते.

या अधिकाराची मुळे आजच्या प्राप्तिकराच्याही आधीची आहेत. अमेरिकेतील यादवी युद्धात सैन्याने लोकांचे घोडे आणि मालमत्ता ताब्यात घेतली होती. युद्ध संपल्यावर भरपाईचे दावे ट्रेझरीकडे, म्हणजे अर्थखात्याकडे, येऊ लागले. दावेदारांच्या वतीने काम करणारे दलाल उभे राहिले, आणि कागदोपत्री मेलेल्या घोड्यांची संख्या व किंमत दोन्ही फुगू लागली. अखेर ७ जुलै १८८४ रोजी राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांच्या सहीने एक कायदा झाला. खात्यापुढे दावेदारांचे प्रतिनिधित्व करणाऱ्यांसाठी नियम करण्याचा आणि त्यांच्याकडून चारित्र्य, पात्रता व सल्ला देण्याची क्षमता यांची खात्री मागण्याचा अधिकार त्याने अर्थमंत्र्यांना दिला. व्यवसायातले लोक त्याला आजही घोड्यांचा कायदा म्हणतात. १९१३ मध्ये सोळावी घटनादुरुस्ती झाली, प्राप्तिकर आला, आणि घोड्यांसाठी केलेली तरतूद करदात्यांच्या प्रतिनिधींना लागू झाली. त्यांच्या वर्तनाचे नियम १९२१ मध्ये एका परिपत्रकात एकत्र आले. ते परिपत्रक क्रमांक २३०. पुढे त्यात अनेकदा बदल झाले, तरी परीक्षेचा कणा अजूनही तेच आहे. सुरुवातीला वकील आणि लेखापालांनाही नाव नोंदवावे लागे. १९६५ च्या कायद्याने त्यांना त्यातून मोकळे केले आणि नोंदणीकृत प्रतिनिधी ही ओळख उरलेल्यांपुरती राहिली.

१८८४ चा कायदा ही केवळ इतिहासातली गंमत नव्हे. २०११ मध्ये आयआरएसने पैसे घेऊन विवरणपत्रे तयार करणाऱ्या सर्वांना परीक्षा आणि वार्षिक शिक्षण सक्तीचे करणारे नियम काढले. काही छोट्या व्यावसायिकांनी त्यांना आव्हान दिले. २०१३ मध्ये जिल्हा न्यायालयाने नियम रोखले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. निकालपत्र ब्रेट कॅव्हनॉ यांनी लिहिले होते. ते पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यातला युक्तिवाद थोडक्यात असा : खात्याला अधिकार आहे तो प्रतिनिधींवर, आणि विवरणपत्र भरून देणारा कोणाचे प्रतिनिधित्व करत नाही, तो फक्त मदत करतो. घोड्यांच्या दाव्यांसाठी लिहिलेली वाक्ये एकशे तीस वर्षांनी अशी कामाला आली. त्यानंतर खात्याने ऐच्छिक वार्षिक कार्यक्रम आणला. तो पूर्ण करणाऱ्याला स्वतः सही केलेल्या विवरणपत्रापुरतेच आणि तपासणीच्या पहिल्या पायरीपुरतेच बोलता येते; अपील किंवा वसुलीच्या टप्प्यावर नाही. तोही न करणाऱ्याला खात्यापुढे उभेच राहता येत नाही. या उतरंडीवर परीक्षेत हमखास प्रश्न असतो.

काही राज्यांनी केंद्राची वाट पाहिली नाही. ओरेगनमध्ये १९७३ पासून परवाना आहे. तिथे ८० तासांचा पायाभूत अभ्यासक्रम आणि राज्याची परीक्षा असते, आणि उत्तीर्ण झाल्यावरही नवख्याला अनुभवी परवानाधारकाच्या देखरेखीखालीच काम करावे लागते. कॅलिफोर्निया ६० तासांचे शिक्षण आणि ५,००० डॉलरची हमी मागते, स्वतंत्र राज्य परीक्षा घेत नाही. मेरीलँडची परीक्षा आहे. बहुतेक राज्यांत काहीच नाही. एन्रोल्ड एजंटचा दर्जा केंद्राचा असल्यामुळे तो सगळ्या राज्यांत चालतो. वकील आणि सीपीए, म्हणजे परवानाधारक लेखापाल, यांना परवाना त्यांचे राज्य देते. आयआरएसपुढे मात्र तिघांचे अधिकार सारखे असतात. एका ठिकाणी फरक पडतो. टॅक्स कोर्टात एन्रोल्ड एजंटला उभे राहता येत नाही. त्यासाठी वकील नसलेल्यांना त्या न्यायालयाची वेगळी परीक्षा द्यावी लागते. आयआरएसमध्ये संबंधित काम पाच वर्षे केलेल्या माजी कर्मचाऱ्यांना परीक्षेशिवायही नोंदणी मिळू शकते. बाकी सर्वांना परीक्षा हाच रस्ता आहे, आणि तिला बसायला ना पदवी लागते ना अमेरिकेचे नागरिकत्व.

परीक्षा पूर्वी कागदावर, वर्षातून एकदा, दोन दिवस चालणारी आणि चार भागांची होती. २००६ पासून ती संगणकावर आली आणि तिचे तीन भाग झाले : व्यक्ती, व्यवसाय, आणि प्रतिनिधित्व व कार्यपद्धती. प्रत्येक भागात १०० बहुपर्यायी प्रश्न आणि साडेतीन तास असतात. त्यांतले ८५ प्रश्नच गुणांसाठी धरले जातात. उरलेले १५ पुढच्या परीक्षांसाठी चाचपणी म्हणून मिसळलेले असतात, आणि ते कोणते हे उमेदवाराला कळत नाही. अडलेल्या प्रश्नावर दहा मिनिटे घालवण्यापूर्वी एवढे आठवावे. गुण ४० ते १३० या मोजपट्टीवर मांडतात आणि १०५ ला उत्तीर्ण. ही टक्केवारी नाही, त्यामुळे किती प्रश्न बरोबर आले म्हणजे पास, या हिशेबाला अर्थ नाही. उत्तीर्ण झालेल्याला गुण सांगितलेही जात नाहीत. अनुत्तीर्णाला मात्र गुण आणि विषयवार कमजोरी कळवली जाते, आणि पुढच्या प्रयत्नासाठी त्या कागदाइतका उपयोगी दुसरा कागद नसतो. भाग कोणत्याही क्रमाने देता येतात. एक भाग सुटला की उरलेले तीन वर्षांत सोडवावे लागतात. ही मुदत पूर्वी दोनच वर्षांची होती.

परीक्षेचे सत्र आजवर मे महिन्यात सुरू होऊन फेब्रुवारीअखेर संपत आले आहे, आणि विचारला जातो तो आधीच्या ३१ डिसेंबरला अमलात असलेला कायदा. ऐकायला हे सोपे वाटते. २०२५ मध्ये ते किती अवघड ठरते ते दिसले. त्या मेमध्ये सुरू झालेल्या सत्रात २०२४ चा कायदा लागू होता; अविवाहित करदात्याची स्टँडर्ड डिडक्शन १४,६०० डॉलर. ४ जुलै २०२५ ला नवा कायदा झाला आणि त्याच वर्षासाठी ती १५,७५० डॉलर झाली. टिप आणि ओव्हरटाइमच्या कमाईवर नव्या वजावटी आल्या, राज्य व स्थानिक करांच्या वजावटीची मर्यादा १०,००० वरून ४०,००० डॉलरवर गेली. त्या हिवाळ्यात परीक्षा देणाऱ्याला कार्यालयात एक आकडा आणि परीक्षागृहात दुसरा वापरावा लागला. म्हणून अभ्यास सुरू करण्यापूर्वी पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचे वर्ष नव्हे, आत कोणत्या करवर्षाचा कायदा आहे ते पाहावे. मित्राकडून मिळालेले गेल्या सत्राचे प्रश्नसंच फुकट असले तरी महाग पडतात.

पहिला भाग व्यक्तीचा. भारतात कर शिकलेला उमेदवार इथे आत्मविश्वासाने येतो आणि पहिल्याच वळणावर अडखळतो, कारण भारतीय कायद्यात नवरा आणि बायको हे दोन स्वतंत्र करदाते असतात, तर अमेरिकेत उत्पन्नाला हात लावण्याआधी फाइलिंग स्टेटस ठरवावे लागते. ते पाच प्रकारचे : अविवाहित, विवाहित आणि एकत्र विवरणपत्र, विवाहित पण स्वतंत्र विवरणपत्र, कुटुंबप्रमुख, आणि लहान मूल असलेला विधुर किंवा विधवा. कराचे टप्पे, स्टँडर्ड डिडक्शन, अनेक क्रेडिटची पात्रता, सगळे यावर अवलंबून असते. कुटुंबप्रमुख या दर्जासाठी पात्र व्यक्ती अर्ध्या वर्षाहून अधिक काळ त्याच घरात राहिलेली असावी लागते. मात्र अवलंबून असलेली आई किंवा वडील वेगळ्या घरात राहत असले तरी चालते. प्रश्न तयार करणाऱ्यांना हा अपवाद फार आवडतो.

त्याला लागूनच अवलंबितांचा विषय येतो. मूल असेल तर वय १९ च्या आत, पूर्णवेळ विद्यार्थी असल्यास २४ च्या आत. अन्य नातेवाईक असेल तर त्याचे स्वतःचे उत्पन्न एका मर्यादेपेक्षा कमी हवे. २०२४ साठी ती ५,०५० डॉलर होती. या सगळ्यांवर एक अट आहे, आणि ती परदेशस्थ मराठी कुटुंबांना थेट भिडते. अवलंबित व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा करदृष्ट्या रहिवासी, नाहीतर कॅनडा वा मेक्सिकोची रहिवासी असली पाहिजे. न्यू जर्सीतून साताऱ्यातल्या आईवडिलांचा सगळा खर्च दरमहा पाठवणाऱ्या मुलाला ते दोघे अवलंबित म्हणून दाखवता येत नाहीत. तेच आईवडील अमेरिकेत येऊन राहिले, तर दिवस मोजावे लागतात. चालू वर्षाचे सगळे दिवस, आधीच्या वर्षाचे एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस असले, तर व्यक्ती करापुरती रहिवासी ठरते. सलग तीन वर्षे दरवर्षी १२० दिवस राहिलेल्या आजोबांची बेरीज १२० अधिक ४० अधिक २०, म्हणजे १८० होते. ते रहिवासी नाहीत. असे दोन-तीन हिशेब हाताने केले की हा नियम पाठ करावा लागत नाही.

विद्यार्थ्यांची गोष्ट निराळी. एफ-१ व्हिसावर आलेल्याचे दिवस सर्वसाधारणपणे पाच कॅलेंडर वर्षे मोजलेच जात नाहीत, त्यामुळे तो अनिवासी राहतो, आणि अनिवासींना स्टँडर्ड डिडक्शन नसते. भारतातून आलेला विद्यार्थी याला अपवाद आहे. १९८९ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात झालेल्या कर-कराराच्या एकविसाव्या कलमाने त्याला ती सवलत दिली. पुण्याच्या महाविद्यालयातून टेक्ससला गेलेल्या विद्यार्थ्याचे पहिले विवरणपत्र चुकते ते बहुधा इथेच.

परदेशातील खात्यांचा विषय अभ्यासक्रमात छोटा, पण भारतीय करदात्यांसाठी मोठा. परदेशी बँक खात्यांतील एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार नावाची माहिती द्यावी लागते. ती आयआरएसकडे विवरणपत्राबरोबर जात नाही. अर्थखात्याच्या आर्थिक गुन्हे विभागाकडे स्वतंत्रपणे जाते. मर्यादा प्रत्येक खात्याला वेगळी नसते, सर्व खात्यांची बेरीज पाहतात. ठाण्याच्या बँकेतील मुदतठेव आणि कोल्हापूरच्या पतसंस्थेतील खाते दोन्ही त्यात आले. परदेशी मालमत्तेचा फॉर्म ८९३८ हा वेगळा, त्याच्या मर्यादाही वेगळ्या, आणि तो विवरणपत्राला जोडावा लागतो. एक भरला म्हणून दुसरा टळत नाही.

पहिल्या भागात याखेरीज वेतन, व्याज, लाभांश, निवृत्तिनिधी, भाडे, क्रेडिट, भेटकर आणि वारसाकर येतात. त्यांपैकी बेसिस, म्हणजे नफा काढताना धरली जाणारी किंमत, ही संकल्पना पक्की करावी. वडिलांनी १०,००० डॉलरला घेतलेले शेअर ९०,००० चे झाले असताना मुलाला भेट दिले, तर मुलाचा बेसिस १०,०००. तेच मृत्यूनंतर वारशाने आले तर ९०,०००. दुसऱ्या दिवशी विकल्यास एका बाबतीत ८०,००० चा भांडवली नफा, दुसऱ्यात शून्य. घर विकतानाही बेसिसच. मागच्या पाच वर्षांत दोन वर्षे त्यात राहिलेल्याला २,५०,००० डॉलरपर्यंत, आणि एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्याला ५,००,००० पर्यंत नफा करमुक्त असतो, पण तो नफा काढायचा तर आधी बेसिस यायला हवा.

दुसरा भाग व्यवसायांचा. अनेकांना तीनही भागांत हाच जड वाटतो, आणि त्यात तथ्य आहे. एकल मालकी, भागीदारी, एस कॉर्पोरेशन, सी कॉर्पोरेशन, ट्रस्ट, शेती, धर्मादाय संस्था; प्रत्येकाचा फॉर्म वेगळा आणि तारीख वेगळी. कॅलेंडर वर्षावर चालणारी भागीदारी आणि एस कॉर्पोरेशन १५ मार्चला, सी कॉर्पोरेशन १५ एप्रिलला. सी कॉर्पोरेशनवर २०१८ पासून सरसकट २१ टक्के कर आहे. एलएलसीला केंद्रीय करात स्वतःचे रूप नसते. एक मालक असेल तर मालकाचेच उत्पन्न, अधिक असतील तर भागीदारी, आणि वाटल्यास कॉर्पोरेशन म्हणून कर देण्याचा पर्याय. एस कॉर्पोरेशनला भागधारक १०० पेक्षा जास्त चालत नाहीत आणि त्यांत अनिवासी परदेशी व्यक्ती अजिबात चालत नाही. मुंबईत राहणाऱ्या भावाला अशा कंपनीचे थोडे शेअर कौतुकाने भेट दिले, तर कंपनीचा एस दर्जाच जातो.

खरी कसोटी असते ती भागीदाराच्या बेसिसची. भागीदारीने कर्ज घेतले की त्यातला भागीदाराचा वाटा त्याच्या बेसिसमध्ये मिळवला जातो. कर्ज फिटले की वजा होतो आणि ते रोख रक्कम मिळाल्यासारखे धरले जाते. एस कॉर्पोरेशनमध्ये असे होत नाही. कंपनीने बँकेचे कर्ज घेतले म्हणून भागधारकाचा बेसिस वाढत नाही. त्याने स्वतः कंपनीला कर्ज दिले तरच त्याला वेगळा बेसिस मिळतो. तोटा किती वजा करता येईल हे यावर ठरते, म्हणून कर्जाचा एकच आकडा देऊन दोन्ही संस्थांविषयी वेगवेगळे विचारणारे प्रश्न येतात. घसाऱ्याचे तक्ते भारतातल्या उमेदवाराला परके वाटतात, कारण अमेरिकेत मालमत्तेचा गट करून घटत्या शिलकीवर टक्का लावायचा नसतो. प्रत्येक मालमत्तेचे आयुष्य वेगळे धरतात : राहती भाड्याची इमारत साडेसत्तावीस वर्षे, व्यापारी इमारत ३९ वर्षे.

तिसरा भाग सोपा समजला जातो आणि म्हणून शेवटी, घाईत उरकला जातो. ही परीक्षा मुळात ज्या कामासाठी आहे ते काम या भागात आहे, त्यामुळे त्याला दिलेली ही वागणूक चुकीची आहे. मुखत्यारपत्राचा फॉर्म २८४८ आणि केवळ माहिती मिळवण्याचा फॉर्म ८८२१ यांतला फरक इथूनच सुरू होतो. पहिल्याने प्रतिनिधीला बोलता येते, वाद घालता येतो, तडजोडीची कागदपत्रे देता येतात. दुसऱ्याने फक्त फाइल पाहता येते. मग मुदती. विवरणपत्र भरल्यापासून सर्वसाधारणपणे तीन वर्षांत खाते जादा कर आकारू शकते. दाखवलेल्या उत्पन्नाच्या २५ टक्क्यांहून अधिक उत्पन्न गाळले असेल तर सहा वर्षे. फसवणूक असेल किंवा विवरणपत्रच भरले नसेल तर मुदत संपतच नाही. आकारलेला कर वसूल करायला दहा वर्षे. तपासणीचा निष्कर्ष मान्य नसल्यास आधी तीस दिवसांचे पत्र येते, त्यावर अपील विभागाकडे जाता येते. त्यानंतर येते नव्वद दिवसांची नोटीस, आणि तेवढ्या दिवसांत टॅक्स कोर्टात अर्ज केला तर कर न भरता भांडता येते. नोटीस अमेरिकेबाहेरच्या पत्त्यावर असेल तर हीच मुदत १५० दिवसांची होते. नाशिकला परत येऊन स्थायिक झालेल्या करदात्यासाठी हे ६० दिवस फार मोलाचे असतात.

परिपत्रक २३० वरचे प्रश्न पाठांतराने सुटत नाहीत, कारण चारही पर्याय सभ्य दिसतात. एक नेहमीचा प्रसंग घ्यावा. नवा अशील येतो, जुनी विवरणपत्रे चाळताना दोन वर्षांपूर्वीचे भाड्याचे उत्पन्न दाखवलेले नाही असे लक्षात येते. प्रतिनिधीने काय करावे? खात्याला कळवावे, सुधारित विवरणपत्र स्वतःच दाखल करून टाकावे, अशिलाला सोडून द्यावे, की अशिलाला सांगावे? नियम सांगतो की अशिलाला ती चूक आणि तिचे परिणाम तत्काळ सांगावेत. सुधारणा करायची की नाही हा निर्णय अशिलाचा. खात्याला कळवण्याचे बंधन प्रतिनिधीवर नाही. मात्र यंदाच्या विवरणपत्रात तीच चूक पुढे नेऊन तो सही करू शकत नाही. प्रामाणिक उमेदवार इथे खात्याला कळवण्याचा पर्याय निवडून गुण घालवतात. पोलिसाची भूमिका या माणसाला दिलेलीच नाही, आणि पळवाट शोधून देणाऱ्याचीही नाही. या दोन्हींच्या मध्ये कायद्याने त्याच्यासाठी जी अरुंद जागा आखली आहे, ती ओळखता आली की तिसऱ्या भागातले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

इतर कलमेही याच धाटणीची. फीवरून वाद झाला तरी अशिलाने मागितल्यावर त्याची कागदपत्रे परत द्यावीच लागतात. राज्याचा कायदा अडवून ठेवायला परवानगी देत असला, तरी विवरणपत्राला जोडायची कागदपत्रे द्यावी लागतात. पैसे मिळेपर्यंत फाइल कपाटात ठेवण्याची सवय असलेल्या मंडळींनी हे कलम दोनदा वाचावे. अशिलाच्या परताव्याचा धनादेश प्रतिनिधीने स्वतःच्या खात्यात वटवायचा नाही. घटस्फोट घेत असलेल्या जोडप्याचे काम दोघांच्या वतीने करायचे असेल, तर हितसंबंधांचा संघर्ष सांगून दोघांची लेखी संमती घ्यावी लागते आणि ती ३६ महिने जपून ठेवावी लागते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीचे क्रेडिट, मुलांचे क्रेडिट, शिक्षणाचे एक क्रेडिट आणि कुटुंबप्रमुखाचा दर्जा यांसाठी तयार करणाऱ्याने अशिलाला प्रश्न विचारून त्याची नोंद फॉर्म ८८६७ वर ठेवायची असते. न ठेवल्यास दंड त्याला स्वतःला होतो.

अभ्यासाच्या क्रमाबद्दल शिकवणीवर्गांचा सल्ला बहुधा एक, दोन, तीन असा सरळ असतो. त्यात थोडा बदल करणे चांगले. परिपत्रक २३० मूळ शब्दांत, समजले नाही तरी, अगदी सुरुवातीला एकदा वाचून काढावे. मग पहिला भाग, आणि त्यानंतर दुसरा किंवा तिसरा, ज्याचा जसा अनुभव असेल तसा. कार्यालयात व्यवसायांची विवरणपत्रे हाताळणाऱ्याने दुसरा आधी घ्यावा. आयआरएसची प्रकाशने मोफत आणि सुबोध आहेत. व्यक्तीसाठी १७ क्रमांकाचे, परदेशी नागरिकांसाठी ५१९, घसाऱ्यासाठी ९४६, भागीदारीसाठी ५४१, तपासणी व अपिलांसाठी ५५६. प्रश्नसंच सोडवावेत, पण चुकलेल्या प्रश्नाचे उत्तर पाहून पुढे न जाता उरलेले तीन पर्याय का चुकले ते स्वतःला सांगता आले पाहिजे. सर्व विधाने बरोबर आहेत, एक वगळता, अशा ढंगाच्या प्रश्नांसाठी तर ही सवय अनिवार्य आहे. परीक्षागृहात स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, पडद्यावरचा वापरावा लागतो. सरावही त्यावरच करावा.

भारतात ही परीक्षा देणाऱ्यांत पुणे आणि मुंबईतल्या, अमेरिकी करांचे काम करणाऱ्या कार्यालयांतील वाणिज्य पदवीधर ठळकपणे दिसतात. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्या परदेशी व्यक्तीला पीटीआयएनसाठी फॉर्म ८९४६ आणि पासपोर्टसारखी ओळखपत्रे द्यावी लागतात. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम पुस्तक उघडण्याआधी सुरू करावे. अशा कार्यालयात बसणाऱ्याच्या टेबलावर अभ्यासक्रमातील एक कलम रोजच हजर असते. करदात्याची माहिती अमेरिकेबाहेरच्या विवरणपत्र तयार करणाऱ्याकडे पाठवायची तर त्याची लेखी संमती लागते, आणि पुरेशी सुरक्षा व्यवस्था नसेल तर त्याचा सोशल सिक्युरिटी क्रमांक झाकूनच पाठवावा लागतो. करदात्याची माहिती बेपर्वाईने किंवा जाणूनबुजून उघड करणे हा तिथे फौजदारी गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संगणकाच्या पडद्यावर क्रमांकाऐवजी फुल्या का दिसतात, याचे उत्तर तिसऱ्या भागात आहे.

तीनही भाग सुटले म्हणजे नोंदणी झाली असे नाही. एका वर्षाच्या आत फॉर्म २३ भरून अर्ज करावा लागतो. मग खाते अर्जदाराची पार्श्वभूमी तपासते आणि त्याने स्वतःचे कर वेळेवर भरले आहेत का ते पाहते. नोंदणीनंतर दर तीन वर्षांत ७२ तासांचे शिक्षण, कोणत्याही वर्षी किमान १६ तास, त्यांत दोन तास व्यावसायिक नीतीचे. नूतनीकरणाचे वर्ष सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून ठरते. ज्यांना तो क्रमांक नाही त्यांचा समावेश ७, ८, ९ अंकांच्या गटात होतो. एक नूतनीकरण चुकले तर नाव निष्क्रिय यादीत जाते. सलग दुसरेही चुकले तर नोंदणी रद्द होते, आणि तीनही भागांची परीक्षा पुन्हा द्यावी लागते.